सीतेच्या नेपाळातलं पेट्रोल

२ फेब्रुवारी २०२१. केंद्राचा अर्थसंकल्प आदल्याच दिवशी सादर झाला होता. भाजपचे तेव्हाचे राज्यसभा खासदार सुब्रमण्यम स्वामी यांनी ट्विटरवर एक चित्र टाकलं. रामाच्या भारतात पेट्रोल ९३ रुपये, सीतेच्या नेपाळात ५३ आणि रावणाच्या लंकेत ५१. सत्ताधारी पक्षाच्याच खासदारानं घरचा आहेर दिल्यामुळे ते दिवसभरात सगळीकडे पोचलं. आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर आलं, सोसायटीच्या ग्रुपवर आलं, एरवी फक्त 'शुभ सकाळ' पाठवणाऱ्या काकांकडूनही आलं. तुमच्याकडेही आलंच असणार.

मी कोड लिहून पोट भरतो. दोन आकडे शेजारी दिसले की दोन्हींचं एकक एकच आहे ना, हे आधी बघायची सवय लागलेली आहे. नेपाळचा रुपया वेगळा. एका भारतीय रुपयाला १.६० नेपाळी रुपये हा दर १९९३पासून बांधलेला आहे. सीमेवरच्या दुकानात गल्ल्यावरचा माणूस 'आयसी की एनसी?' एवढंच विचारतो, म्हणजे इंडियन करन्सी की नेपाळी, आणि कॅल्क्युलेटर न काढता हिशेब सांगतो. त्या दिवसांत नेपाळमध्ये पेट्रोल ११० नेपाळी रुपयांच्या आसपास होतं. भागिले १.६. म्हणजे आपले साधारण ६९ रुपये. ५३ नव्हेत.

पण 'फेक न्यूज' म्हणून हात झटकून मोकळंही होता येत नाही. बिहारच्या सीमेवरच्या अररिया, किशनगंज या जिल्ह्यांत तेव्हा पेट्रोल ९२-९३ रुपयांच्या घरात होतं. म्हणजे लिटरमागे बावीस-तेवीस रुपयांचा फरक खरा होता, आणि तो ट्विटरवर कळायच्या आधीच तिथल्या लोकांना कळलेला होता. त्या फेब्रुवारीत नेपाळातून कॅन भरून सायकलवर, मोटारसायकलवर, शेतातल्या पायवाटांनी पेट्रोल आणलं जात होतं. २० लिटरचा एक कॅन, २२ रुपये फरक, झाले ४४० रुपये. त्या वर्षी बिहारमध्ये रोजगार हमीची मजुरी दिवसाला १९४ रुपये होती. एका खेपेत दोन दिवसांच्या मजुरीहून जास्त, तेही काम मिळेल की नाही याची वाट न बघता.

मला खरं कोडं पडलं ते पुढे. नेपाळात तेलाची विहीर नाही, रिफायनरीही नाही. नेपाळ ऑइल कॉर्पोरेशन ही तिथली सरकारी कंपनी १९७० साली स्थापन झाली आणि १९७४पासून ती आपल्या इंडियन ऑइलबरोबरच्या करारावर चालते. मग अररियाचा माणूस सीमा ओलांडून जे स्वस्त पेट्रोल आणत होता, ते भारतातूनच तिकडे गेलेलं होतं. सरकारी टँकरमधून उत्तरेला गेलेला माल प्लास्टिकच्या कॅनमधून दक्षिणेला परत येत होता.

याचं उत्तर तसं साधं आहे. पेट्रोल तेच, कर वेगळे. नेपाळला माल जातो तेव्हा त्यावर आपलं उत्पादनशुल्क नसतं आणि कुठल्या राज्याचा व्हॅटही नसतो. सीमेपलीकडे नेपाळ सरकार आपले कर लावतं. सीमाशुल्क, १३ टक्के व्हॅट, रस्ते दुरुस्तीचा कर, प्रदूषणाचा कर, शिवाय बुढीगण्डकी नदीवर धरण बांधायचं म्हणून लिटरमागे काही रुपये. (ते धरण अजून व्हायचं आहे. पैसे मात्र वसूल होत राहिले. हे वाचून कुणाला फार परकं वाटणार नाही.)

आपल्याकडचा आकडा कसा वाढला तेही पाहू. २०१४च्या सुरुवातीला पेट्रोलवर केंद्राचं उत्पादनशुल्क लिटरला ९ रुपये ४८ पैसे होतं. मे २०२०मध्ये ते ३२ रुपये ९८ पैसे झालं. मधल्या काळात कच्चं तेल पडलं. एप्रिल २०२०मध्ये तर अमेरिकेतल्या वायदेबाजारात एका दिवशी भाव शून्याच्याही खाली गेला. आपण सगळे घरात कोंडलेलो होतो, गाड्या धूळ खात होत्या, आणि त्याच आठवड्यांत स्वस्त झालेल्या तेलातला फरक सरकारनं करात वळवून घेतला. साथीत सरकारला पैसा कुठून तरी आणायचाच होता हे मला मान्य आहे. पण तो कुठून आणला हे पावतीवर लिहिलेलं नसतं. पंपावरची पावती लिटर आणि रुपये सांगते, बाकी काही नाही.

करांचा हा खेळ बघायला नेपाळपर्यंत जायचीही गरज नाही. २०१२ साली मनोहर पर्रीकरांनी गोव्यात पेट्रोलवरचा व्हॅट जवळपास शून्यावर आणला तेव्हा सावंतवाडी-बांद्याचे लोक पत्रादेवीचा नाका ओलांडून टाकी भरून येऊ लागले. तिकडे परभणीचं नाव मात्र राज्यातलं सगळ्यात महाग पेट्रोल म्हणून बातम्यांत येत राहिलं. परभणीकरांना ओलांडायला कुठली सीमाच जवळ नाही.

ट्वीटनंतर आठवडाभरातच राज्यसभेत हाच प्रश्न आला. सीतेच्या आणि रावणाच्या देशात पेट्रोल स्वस्त, मग आपल्याकडे का नाही? पेट्रोलियममंत्री धर्मेंद्र प्रधान यांनी उत्तरात रॉकेल पुढे केलं. भारतात रॉकेल ३२ रुपये, नेपाळ-बांगलादेशात ५७ ते ५९. पेट्रोलचा प्रश्न आणि रॉकेलचं उत्तर, म्हणून लोक हसले. मला मात्र ते उत्तर, चुकवण्यासाठी दिलेलं असलं तरी, कामाचं वाटलं. कारण मग एकाच रस्त्यावरून एक कॅन दक्षिणेला येतो आणि दुसरा उत्तरेला जातो. पेट्रोल इकडे, रॉकेल तिकडे. गरिबाच्या चुलीसाठी म्हणून आपण वर्षानुवर्षं रेशनचं निळं रॉकेल स्वस्त ठेवलं, आणि ते जिथे जास्त भाव मिळेल तिथे वाहत गेलं.

दोन भावांमधला फरक वाहायला देशाची सीमा लागतेच असंही नाही. २५ जानेवारी २०११ला मनमाडजवळ पानेवाडीच्या तेल डेपोपाशी मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना भेसळ करणाऱ्या टोळीनं भर दिवसा जिवंत जाळलं. टँकरमधलं इंधन चोरून त्यात रॉकेल मिसळणं हा तिथला धंदा होता, कारण रेशनचं रॉकेल आणि बाजारातलं डिझेल यांच्या भावात मोठी दरी होती. मी तेव्हा शाळेत होतो. टीव्हीवर तेच दृश्य पुन्हा पुन्हा दाखवत होते, आणि 'भेसळ' हा शब्द दुधाशिवाय आणखी कशासाठी वापरतात हे मला त्या दिवशी कळलं.

आता नेपाळकडे परत येऊ, कारण फॉरवर्डमध्ये न मावलेली गोष्ट तिथे आहे.

रक्सौल हे बिहारमधलं शेवटचं स्टेशन. पलीकडे वीरगंज. १९२७ साली राणा राजवटीनं रक्सौलहून एक छोटी रेल्वे नेली ती अमलेखगंजपर्यंत. पुढे डोंगर सुरू होतात, म्हणून रूळ तिथेच थांबले. काठमांडूला जाणारा मोटाररस्ता नव्हता, पण राणांना मोटारींची हौस होती. त्यामुळे मोटारी माणसांच्या खांद्यांवरून डोंगर ओलांडून राजधानीत पोचवल्या जात. बांबूंच्या चौकटीवर गाडी, खाली ओळीनं हमाल, अशी छायाचित्रं आजही इंटरनेटवर सापडतील. काठमांडूला जोडणारा त्रिभुवन राजपथ १९५६ साली, भारताच्या मदतीनं झाला. म्हणजे पेट्रोल, मोटार आणि रस्ता, तिन्हींचं दार रक्सौलकडेच उघडत होतं. आजही मोठा हिस्सा तिथूनच जातो.

एकच दार असलेल्या घराचं काय होतं ते १९८९ साली दिसलं. मार्चमध्ये भारत-नेपाळ व्यापार आणि पारगमन करारांची मुदत संपली. नेपाळनं चीनकडून शस्त्रं घेतली म्हणून दिल्ली चिडलेली होती. करार वाढवले गेले नाहीत आणि सीमेवरचे दोन नाके सोडून बाकीचे व्यापारासाठी बंद झाले. काठमांडूत रॉकेल मिळेना, पेट्रोल मिळेना. लोक सरपणाकडे वळले आणि जंगलं तुटली. वर्षभरात राजाविरुद्धचं जनआंदोलन पेटलं, त्यामागे ही टंचाईही होती.

दुसऱ्यांदा हे झालं २०१५ साली. एप्रिलमध्ये मोठा भूकंप झालेला, लाखो घरं पडलेली. २० सप्टेंबरला नेपाळची नवी राज्यघटना लागू झाली. तराईतल्या मधेशी लोकांना त्यात आपला वाटा मारला गेल्यासारखं वाटलं. नागरिकत्वाचे नियम आणि प्रांतांच्या सीमा हे त्यांचे मुख्य आक्षेप होते. त्याआधीच्या आंदोलनात चाळीसहून अधिक माणसं मेली होती, त्यांत पोलीसही होते. आंदोलक रक्सौल-वीरगंजमधल्या मितेरी पुलावर ठाण मांडून बसले. मितेरी म्हणजे मैत्री, मानलेलं नातं. पुलाचं नाव असं आणि त्यावर बांबू, तंबू, दगड. भारत म्हणत राहिला की आम्ही काही अडवलेलं नाही, आंदोलनामुळे ट्रक थांबलेत. नेपाळ म्हणत राहिला की ही अघोषित नाकेबंदी आहे, कारण आंदोलन नसलेल्या नाक्यांवरूनही टँकर येत नव्हते. माझ्या मते मधेशींचं गाऱ्हाणं खरं होतं आणि टँकर अडण्यात दिल्लीचा हात होता हेही खरं आहे. एक मान्य केलं की दुसरं नाकारायलाच हवं असं कुणी सांगितलंय?

काठमांडूत सम-विषम नंबरांप्रमाणे गाड्या निघू लागल्या. फेसबुकवर 'कारपूल काठमांडू' नावाचा ग्रुप सुरू झाला आणि हजारो अनोळखी लोक त्यावर एकमेकांना लिफ्ट देऊ लागले. काळ्या बाजारात पेट्रोल सरकारी दराच्या तिप्पट-चौपट झालं. गॅस नाही म्हणून लोकांनी इंडक्शनच्या शेगड्या घेतल्या, आणि त्या भारानं गल्लीतले ट्रान्सफॉर्मर उडाले. नोव्हेंबरच्या अखेरीस युनिसेफनं इशारा दिला की इंधन, औषधं आणि लसींच्या टंचाईमुळे पाच वर्षांखालची तीस लाख मुलं हिवाळ्यात धोक्यात आहेत. भूकंपात घर गेलेली कुटुंबं तेव्हा पत्र्याखाली आणि ताडपत्रीखाली होती.

माझ्या टीममध्ये पूर्व चंपारणचा एक जण आहे. तो तेव्हा बारावीला होता. त्याची बुआ, म्हणजे आत्या, वीरगंजला दिलेली आहे. सीमेच्या दोन्ही बाजूंना सोयरिकी असणं तिथे इतकं नेहमीचं आहे की त्याला 'रोटी-बेटी'चं नातं म्हणतात. त्या हिवाळ्यात त्याचे काका मोटारसायकलची टाकी रक्सौलला काठोकाठ भरून बुआकडे जायचे, रबरी नळीनं पेट्रोल बाटल्यांत काढायचे आणि परत येण्यापुरतं ठेवायचे. "चाचा विकायचे की फक्त बुआला द्यायचे?" मी विचारलं. तो म्हणाला, "पहिले दोन आठवडे द्यायचे. मग शेजारीही मागायला लागले." पुढचं त्यानं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. २०२१मध्ये हेच काका उलट दिशेनं टाकी भरून आणत होते. तेच दोन पंप, तोच पूल.

२८ ऑक्टोबर २०१५ला नेपाळनं चीनच्या पेट्रोचायनाशी सामंजस्य करार केला. चाळीस वर्षांची एकाच दुकानाची उधारी मोडल्याचा आनंद काठमांडूत मोठा होता. चीननं १००० टन इंधन भेटही दिलं. पण ते केरुंगच्या नाक्यावरून, भूकंपानं खिळखिळ्या झालेल्या डोंगरी रस्त्यानं आणायचं होतं. ज्या हिमालयामुळे अमलेखगंजला रूळ थांबले, त्याच हिमालयाच्या पलीकडून रोजचे टँकर येणं परवडणारं नव्हतंच. कायमचा पुरवठा काही सुरू झाला नाही.

५ फेब्रुवारी २०१६ला मितेरी पुलावरचे बांबू आणि तंबू काढले गेले. ते ना लष्करानं काढले, ना कुठल्या शिष्टमंडळानं. दोन्ही बाजूंचे व्यापारी आणि स्थानिक लोक पुलावर गेले आणि त्यांनीच रस्ता मोकळा केला.

त्यानंतर तीन वर्षांनी मोतिहारी ते अमलेखगंज ही ६९ किलोमीटरची पाइपलाइन सुरू झाली. १० सप्टेंबर २०१९ला दोन्ही पंतप्रधानांनी व्हिडिओवरून बटण दाबलं. दक्षिण आशियातली दोन देशांना जोडणारी ही पहिली तेलवाहिनी. १९२७चा रूळ जिथे संपला, बरोबर तिथेच ही नळी संपते. टँकरच्या रांगा कमी झाल्या, वाटेत होणारी गळती आणि चोरी थांबली, नेपाळचा वाहतूक खर्च वाचला. हे सगळे खरे फायदे आहेत. फक्त नळीचा व्हॉल्व्ह कुठल्या बाजूला आहे हे काठमांडूत कुणाला सांगावं लागत नाही.

आणि मग २०२२. युक्रेनचं युद्ध सुरू झालं आणि कच्चं तेल भडकलं. आपल्याकडे कागदोपत्री २०१७पासून दर रोज बदलतात, पण ६ एप्रिल २०२२नंतर ते जवळजवळ थिजले. २२ मेला केंद्रानं उत्पादनशुल्कही ८ रुपयांनी कमी केलं. (दर रोज बदलतात, फक्त निवडणुका आल्या की त्यांना बदलायचं सुचत नाही, हा माझा जुना संशय.) नेपाळ ऑइल कॉर्पोरेशनकडे मात्र तोटा पोटात घालायला पैसेच उरले नव्हते, इंडियन ऑइलची बिलं थकली होती. २० जून २०२२ला त्यांनी पेट्रोल १९९ नेपाळी रुपये केलं. भागिले १.६. आपले १२४ रुपये. पाटण्यात तेव्हा १०७ होतं.

म्हणजे सोळा-सतरा महिन्यांत कॅन उलटा फिरला. वीरगंज आणि विराटनगरचे लोक टाकी भरायला रक्सौल-जोगबनीला येऊ लागले. काठमांडूत विद्यार्थी रस्त्यावर उतरले आणि काही दिवसांतच सरकारला २० रुपये कमी करावे लागले. त्या जूनमध्ये 'रामाच्या भारतात पेट्रोल सीतेच्या नेपाळापेक्षा स्वस्त' असा फॉरवर्ड मला कुणीच पाठवला नाही. आणि रावणाच्या लंकेत तेव्हा पेट्रोल कुठल्याच भावाला मिळत नव्हतं. लोक पंपाबाहेर दिवस दिवस रांगेत होते, आणि जुलैपासून आठवड्याच्या ठरलेल्या लिटरसाठी मोबाइलवर क्यूआर कोड दाखवावा लागू लागला. २०२१च्या त्या चित्रातले तिन्ही आकडे दीड वर्षात निकालात निघाले होते.

नेपाळनं यातून काय केलं ते काठमांडूच्या रस्त्यांवर दिसतं. इंडक्शनच्या शेगड्या नाकेबंदी उठल्यावरही राहिल्या. धरणं पूर्ण होत गेली, भारनियमन संपलं. पेट्रोलच्या मोटारींवर गाडीच्या किमतीच्या दुपटीहून जास्त कर आणि इलेक्ट्रिकवर बराच कमी, असं धोरण आलं. सुरुवातीच्या लाटेत तिथे गाजलेल्या गाड्यांमध्ये टाटांची नेक्सॉन ईव्ही होती. ती आमच्या पुण्याजवळ रांजणगावला बनते. मागाहून चिनी गाड्यांनी बाजार काबीज केला. २०२४-२५ या आर्थिक वर्षात नेपाळनं आयात केलेल्या प्रवासी मोटारींपैकी सत्तर टक्क्यांहून जास्त इलेक्ट्रिक होत्या. चंपारणच्या मित्राच्या आतेभावानंही एक घेतली. तो आता आयसी-एनसीचा हिशेब पेट्रोलसाठी करत नाही.

नोव्हेंबर २०२१पासून नेपाळ आपली जास्तीची वीज भारताच्या वीजबाजारात विकतो. पावसाळ्यात नद्या भरल्या की तारांमधून वीज दक्षिणेला येते, हिवाळ्यात पाणी आटलं की इकडून उत्तरेला जाते. रोज लिलाव होतो आणि युनिटचा दर पुन्हा दोन देशांच्या मध्ये ठरतो. या व्यवहारात भारताची एक अट आहे. ज्या वीजप्रकल्पात चिनी पैसा किंवा चिनी कंत्राटदार असेल, त्याची वीज आपण घेत नाही. वीज कुठून आली हे तारेत ओळखता येत नाही, म्हणून प्रत्येक प्रकल्पाचे कागद आधी दिल्लीला पाठवावे लागतात, आणि मंजुरी आली तरच त्या धरणाची वीज सीमेच्या अलीकडे विकता येते.